घाटरस्त्यांसाठी उन्हाळी परफॉर्मन्स टायर कसे निवडावेत: बेळगाव सीमाभागातील चालकांसाठी

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी जांबोटी सोडून कणकुंबीकडे जात असताना वळवाची सर आली. रस्ता नेहमीचा होता, वेग पन्नासच्या आत होता आणि टायरांवर पाच मिलिमीटर नक्षी शिल्लक होती. तरीही डाव्या वळणावर स्टिअरिंग फिरवल्यानंतर गाडीचे नाक क्षणभर सरळच जात राहिले. समोरून कोणी येत नव्हते, म्हणून प्रसंग तेवढ्यावर निभावला. पुढे गाडी बाजूला घेऊन टायरावर अंगठ्याचे नख दाबले, तर रबर इतके कडक झाले होते की नखाची खूणही उमटेना. मग प्रथमच साइडवॉलवरचा, म्हणजे टायराच्या बाजूच्या भिंतीवरचा, तारखेचा शिक्का नीट वाचला आणि कळले की दुकानदाराने नवे म्हणून दिलेले ते टायर बसवले त्या दिवशीच तीन वर्षांचे होते, आणि त्यावर माझी साडेतीन वर्षे गेली होती.

तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्या भागात उन्हाळी परफॉर्मन्स टायर घेताना कोरड्या डांबरावरची पकड नंतर पाहावी, ओल्या रस्त्यावरची पकड आधी पाहावी. एप्रिल-मे हे आपल्याकडे जसे कडक उन्हाचे महिने आहेत, तसेच ते वळवाचेही आहेत, आणि चार महिने कोरड्या राहिलेल्या रस्त्यावरचे तेल, रबराचा कीस आणि धूळ पहिल्या सरीत भिजून वर येते ती पहिली पंधरा-वीस मिनिटे पावसाळ्यातल्या कोणत्याही दिवसापेक्षा अधिक निसरडी असतात.

‘उन्हाळी’ या शब्दाचा अर्थ

हा शब्द थंड देशांतून आलेला आहे. तेथे हवेचे तापमान साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायराचे रबर ताठरते आणि पकड सोडते, म्हणून हिवाळ्यासाठी वेगळे टायर बसवावे लागतात. बेळगावात डिसेंबरच्या पहाटेही पारा सहसा तेवढा उतरत नाही, त्यामुळे बर्फाचा विचार करून बनवलेल्या ऑल-सीझन टायरांची तडजोड आपल्याला करण्याचे कारण नाही. आपण बारा महिने उन्हाळी टायरच वापरतो. प्रश्न एवढाच असतो की त्यांतला कोणता.

बाजारात त्यांचे ढोबळ तीन वर्ग दिसतात. पहिला आरामदायी, शांत आणि बऱ्यापैकी टिकणारा टूरिंग टायर; मिशेलिनचा प्रायमसी ४ एसटी किंवा कॉन्टिनेंटलचा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी ६ ही त्याची ओळखीची उदाहरणे आहेत. दुसरा खरा परफॉर्मन्स उन्हाळी टायर, म्हणजे मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ किंवा कॉन्टिनेंटलचा मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी ६ यांच्यासारखा. त्याचे रबर मऊ, खांदे (नक्षी आणि साइडवॉल जेथे मिळतात त्या कडा) ताठ आणि स्टिअरिंगला प्रतिसाद तत्काळ असतो. तिसरा वर्ग ट्रॅकसाठी बनवलेल्या, थोड्याच खाचा असलेल्या टायरांचा आहे, आणि साचलेल्या पाण्यात त्यांचा भरवसा नसल्यामुळे ज्याला जूनमध्ये चोर्ला घाट उतरायचा आहे त्याने त्यांच्याकडे पाहूही नये. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरांची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, त्यामुळे दुसऱ्या वर्गातील आयात होणारे काही आकार मिळण्यात अडचणी येतात. पंधरा इंची रिमसाठी तर या वर्गात निवडीला फार थोडा वाव उरतो. अशा वेळी पहिल्या वर्गातला उत्तम टायर घेणे हे दुसऱ्या वर्गातला जुना साठा घेण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे ठरते.

पहिली पायरी: स्वतःच्या रस्त्यांची नोंद

दुकानात जाण्यापूर्वी महिनाभर आपण कोठे, किती आणि किती माणसे घेऊन गाडी चालवतो हे वहीत लिहून ठेवावे. बेळगाव जिल्हा एकच असला तरी त्याच्या दोन टोकांना टायराकडून मागणी वेगळी आहे. पश्चिमेला खानापूर, जांबोटी आणि मलप्रभेचा उगम असलेली कणकुंबी हा मुसळधार पावसाचा, तांबड्या मातीचा पट्टा आहे. चंदगडमार्गे थोडे पुढे गेले की आंबोली लागते, जेथे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेला अथणी-रायबागकडे पाऊस त्याच्या दशांशाहूनही कमी असतो, पण उन्हाळ्यात हवा चाळिशीला टेकते आणि तेव्हा डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास तापतो. मधल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळ्या रानाची माती डांबरावर येते, आणि दव पडलेल्या पहाटे तिचा लगदा होतो.

ज्याची बहुतेक धाव पुणे-बेंगळुरू महामार्गावर संकेश्वर, हत्तरगी, कित्तूर अशी आहे आणि वर्षातून दोनदाच घाट लागतो, त्याला उष्णता सहन करणारा, सरळ धावेत स्थिर राहणारा टूरिंग टायर पुरेसा आहे. ज्याला दर पंधरवड्याला चोर्ला किंवा अनमोड घाटातून जायचे असते आणि वळणे हाच ज्याचा आनंद आहे, त्याने मऊ रबराचा खर्च आनंदाने करावा. या लेखातला ‘आनंद’ वेगमर्यादेच्या आतला आहे हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हे रस्ते दुपदरी आहेत, आजूबाजूला अभयारण्यांचे जंगल आहे, वळणापलीकडे गवा किंवा बंद पडलेला ट्रक उभा असू शकतो, आणि ज्या अंतरापर्यंत रस्ता दिसतो त्याच्या आत थांबता येणे ही चांगल्या टायराचीही मर्यादा आहे.

दुसरी पायरी: साइडवॉलवरचे आकडे वाचणे

समजा, टायरावर २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे कोरलेले आहे. २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी; ५५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, अर्थात सुमारे ११३ मिलिमीटर; आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ हा रिमचा इंचांतील व्यास. पुढचा ९१ हा भारनिर्देशांक असून त्याचा अर्थ एक टायर ६१५ किलो भार पेलू शकतो असा होतो. शेवटचे अक्षर वेगाचे आहे: टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. आपल्याला त्या वेगाने जायचे नसते, मग हे अक्षर कशाला पाहायचे, असे अनेक जण विचारतात. वरच्या वेगाचा टायर उष्णता आणि ताण अधिक सहन करतो, त्याची बांधणी बहुधा अधिक ताठ असते, आणि घाटात एकामागून एक वळणे घेताना तो ताठरपणा हाताला जाणवतो. गाडीच्या दारावरच्या किंवा पुस्तिकेतल्या भारनिर्देशांकापेक्षा आणि वेगाच्या अक्षरापेक्षा खालचा टायर कधीही घेऊ नये.

तिसरी पायरी: आकार वाढवावा का?

या प्रश्नावर आपल्याकडे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, म्हणून हिशोब मांडूनच दाखवतो. मूळ टायर १८५/६५ आर १५ असेल तर साइडवॉल १२०.२५ मिलिमीटर, रिम ३८१ मिलिमीटर आणि एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर होतो. त्याच रिमवर १९५/६० आर १५ बसवला तर व्यास ६१५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक टक्क्याने कमी. रिमच बदलून १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास जवळपास ६२१, म्हणजे मूळ आकाराइतकाच. एकूण व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, कारण स्पीडोमीटर, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि गिअरचे गुणोत्तर हे सर्व त्या व्यासावर बेतलेले असतात.

व्यास जुळला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. पंधरा इंचांवरून सोळावर गेल्यावर साइडवॉल १३ मिलिमीटरने उतरते. स्टिअरिंग त्यामुळे नेमके होते, पण खड्ड्याचा दणका पचवायला तेवढे रबर कमी उरते. चोर्ल्याचा रस्ता पावसाळ्यानंतर जसा फुटतो आणि गावागावांत पांढरे पट्टे न मारलेले हंप जसे अचानक समोर येतात, ते पाहता आमच्या भागात ५५ किंवा ६० हे गुणोत्तर मला योग्य वाटते, आणि ४५ च्या खाली जाणे म्हणजे साइडवॉलला फुगा येण्याची वाट पाहणे होय. एकदा फुगा आला की आतले धागे तुटलेले असतात. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. रुंदी वाढवताना रिमची रुंदीही पाहावी. १९५ च्या टायराला सहा इंच रुंद रिम योग्य. पाच इंची रिमवर तो चेपून बसतो, खांदे आत ओढले जातात आणि वळणावर साइडवॉल लोळते, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचे जाते. शिवाय रुंद टायर पातळ पाण्याच्या थरावर लवकर तरंगतो. कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीला जो आकार दिला आहे त्याच्या पुढे जाऊ नये; अपघातानंतर विम्याच्या दाव्यात वाद निघण्याची जागाही त्यामुळे राहत नाही.

चौथी पायरी: ओल्या पकडीचा पुरावा शोधणे

बहुतेक चांगल्या टायरांवर अमेरिकी पद्धतीचे तीन शिक्के असतात. ट्रेडवेअरचा आकडा झिजेचा आहे. १०० या आधाराशी तुलना करून ४०० म्हणजे चौपट टिकाऊ असा त्याचा अर्थ, पण हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या चाचणीवरून स्वतः ठरवते, त्यामुळे एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो उपयोगी, दोन कंपन्यांची करायला फारसा नाही. ट्रॅक्शनची श्रेणी एए, ए, बी, सी अशी असते आणि ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक दाबल्यावरची पकड सांगते. वळणावरची पकड किंवा साचलेल्या पाण्यावरचे तरंगणे तिच्यात मोजलेले नसते. तिसरी उष्णतेची श्रेणी ए, बी, सी. अथणी-विजापूरकडे भर उन्हात धावणाऱ्याने तेथे ए सोडून दुसरे अक्षर स्वीकारू नये. युरोपीय लेबल मिळाले तर त्यावरचा पावसाच्या चिन्हाजवळचा दर्जा पाहावा; तो ए पासून ई पर्यंत असतो आणि घाटात जाणाऱ्याने ए किंवा बी एवढ्यावरच थांबावे.

नक्षीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण दुकानात टायर आडवा पडलेला असतो आणि आपण तिच्यात पाहावे ते पाहत नाही. टायर उभा करून घ्या आणि मधल्या उभ्या खाचा मोजा. तीन किंवा चार रुंद, अखंड खाचा असतील तर पाण्याला मागे जायला सरळ वाट आहे. मग बाहेरच्या खांद्यावरचे ठोकळे बोटाने दाबून हलवून पाहा: ते मोठे आणि कमी हलणारे असतील तर कोरड्या वळणावर टायर तोल धरील. आतल्या अर्ध्या भागात खाचा अधिक आणि बाहेरच्या भागात भरीव रबर अधिक अशी असमान नक्षी आपल्या कामाला सर्वांत जुळते. एकाच दिशेने फिरणारी बाणाची नक्षी पाणी उत्तम फेकते, पण तिची स्टेपनी एकाच बाजूला योग्य बसते आणि टायर फिरवताना फक्त पुढचे मागे, मागचे पुढे एवढेच करता येते. अनमोडच्या जंगलात रात्री पंक्चर झाल्यावर ही अडचण मोठी वाटते.

पाचवी पायरी: दुकानात

“साठ हजार चालतोय बघा की वो,” हे वाक्य आपल्याकडे टायराच्या दुकानात हमखास ऐकू येते, आणि सांगणारा बहुधा खरेच सांगत असतो. साठ हजार किलोमीटर चालणारे रबर कडक असते; मनापासून घाट चालवणाऱ्याला पस्तीस-चाळीस हजारांत संपणारे रबर हवे असते, हे त्याला शांतपणे सांगावे.

त्यानंतर तारीख. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हे आकडे कधी कधी एकाच बाजूला कोरलेले असतात, म्हणून टायर उलटवून पाहावा. सहा महिन्यांच्या आतला असेल तर उत्तम, वर्षाच्या वरचा असेल तर दुसरा मागवावा, आणि चारही टायरांची तारीख वेगवेगळी तपासावी. माझ्या बाबतीत मी एकही तपासली नव्हती. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६३३ हा क्रमांक असणे बंधनकारक आहे, तोही पाहावा. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक टायराचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे वॉरंटीच्या वेळी बोलणे खुंटत नाही.

चारही एकदम घेणे शक्य नसेल तर दोन घ्यावेत, पण नवे दोन मागच्या चाकांना बसवावेत. पुढच्या चाकांना इंजिनाची ओढ असते म्हणून नवे पुढे, अशी आपल्याकडची पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि सावरायला दरीच्या कडेला जागा नसते.

सहावी पायरी: बसवणे आणि मुरवणे

बसवताना समोर उभे राहावे. असमान नक्षीच्या टायरावर बाहेरची बाजू दाखवणारा शब्द कोरलेला असतो, तो चारही चाकांना बाहेर आला पाहिजे. व्हॉल्व नवे घालावेत, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट दोन्ही करून अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्यावा, आणि नट हवेच्या गनने आवळून न सोडता पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळायला सांगावे. नव्या टायरावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर राहिलेला असतो, म्हणून पहिले तीनशे किलोमीटर हलक्या हाताने चालवावे. खरेदीला मे महिन्याचा पहिला पंधरवडा योग्य. मिरगाचा पाऊस लागेपर्यंत टायर मुरलेले असतात.

सातवी पायरी: हवा

हजारो रुपयांच्या टायराचे गुण हवेच्या दोन-तीन पीएसआयमध्ये (पीएसआय हे दाबाचे एकक) जातात किंवा राहतात. हवा नेहमी थंड टायरात, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजावी, आणि त्यासाठी स्वतःचा गेज बाळगावा. हवेचे तापमान साडेपाच अंशांनी बदलले की दाब साधारण एक पीएसआयने बदलतो, त्यामुळे जानेवारीत भरलेली हवा एप्रिलच्या दुपारी तीच राहत नाही. आणखी एक गोष्ट आमच्या भागातच जाणवते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे. येथे मोजलेले ३३ पीएसआय पणजीत तितकाच थंड टायर मोजला तर ३२ च्या जरा खाली दिसतात, कारण खाली वातावरणाचा दाब अधिक असतो आणि गेज तो वजा करून दाखवतो. तेथे मुक्काम असेल तर सकाळी मोजून तेवढी हवा भरून घ्यावी.

घाटासाठी योग्य दाब ठरवण्याची जुनी, बिनखर्चाची रीत खडूची आहे. कंपनीने सांगितलेला दाब भरावा, पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या खांद्यावर नक्षीपासून साइडवॉलपर्यंत पांढऱ्या खडूची आडवी रेघ ओढावी आणि ओळखीच्या पाच-सहा वळणांतून आपल्या नेहमीच्या उमेदीने गाडी न्यावी. नंतर उतरून पाहावे. अनेक टायरांच्या खांद्यावर एक लहानसा त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्या त्रिकोणापर्यंत पुसला असेल तर दाब बरोबर आहे, त्याच्या खाली साइडवॉलवर पुसला असेल तर टायर लोळतो आहे आणि एक-दोन पीएसआय वाढवावेत, आणि नक्षीच्या कडेलाच खडू तसाच राहिला असेल तर हवा जास्त आहे. बदल एकेका पीएसआयने करावा. कंपनीच्या आकड्याखाली जाऊ नये आणि साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या जवळपासही फिरकू नये.

कमी हवेचा धोका पावसात दुणावतो. विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून नासाने जे सूत्र काढले, त्यानुसार ३२ पीएसआयचा टायर साचलेल्या पाण्यावर ताशी साधारण ९४ किलोमीटरला तरंगू लागतो आणि २८ पीएसआयचा साधारण ८८ ला. झिजलेल्या टायराच्या बाबतीत ही मर्यादा त्याहूनही खाली येऊ शकते, म्हणून हे आकडे सुरक्षित वेग म्हणून कोणी वापरू नयेत.

आठवी पायरी: केव्हा काढावेत

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर उरेपर्यंत टायर चालतो, आणि खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांशी नक्षी समपातळीवर आली की ती मर्यादा ओळखता येते. चोर्ला, अनमोड किंवा आंबोलीच्या पावसासाठी मी तीन मिलिमीटर हीच शेवटची रेघ मानतो. त्याखाली ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर झपाट्याने वाढते. खोली मोजण्याचा गेज स्वस्तात मिळतो. मापे आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तिन्ही ठिकाणी घ्यावीत, कारण घाटात चालणाऱ्या गाडीचे पुढचे टायर बाहेरच्या खांद्यावर आधी गोटा होतात आणि मधली नक्षी पाहून आपण निर्धास्त राहतो. दर आठ हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल केले तर ही झीज वाटली जाते. नक्षी कितीही असली तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्यावेत, साइडवॉलवर बारीक तडे दिसले तर ते काढावेत. आणि हे सर्व करताना डिकीतल्या स्टेपनीची तारीखही वाचावी, कारण ती बहुधा गाडीइतकीच जुनी असते.